सुभेदारांची तबियत

महिपतराव भोईटे यांनी आयुष्यात एकच खोटा अर्ज केला आणि तो आठ दिवसांत मंजूर झाला. खरे अर्ज त्यांनी बरेच केले होते. त्यांतल्या निम्म्यांचा शोध अजून चालू आहे.

अर्ज सुभेदारामुळं केला होता, म्हणून आधी सुभेदाराबद्दल सांगितलं पाहिजे. सुभेदार हा ग्वाल्हेरच्या दाना ओली गल्लीतल्या भोईट्यांच्या घरचा कुत्रा. रंग तांबूस, एक कान उभा, दुसरा पडलेला, आणि चेहरा असा की समोरच्याचं काहीतरी चुकलंय असं समोरच्याला वाटावं. महिपतरावांचे वडील ग्वाल्हेरच्या फौजेत एकोणतीस वर्षं काढून हवालदार म्हणूनच घरी आले होते. त्या एकोणतीस वर्षांत जेवढे सुभेदार आले, त्या सगळ्यांनी त्यांना उठ म्हटलं, बस म्हटलं. पेन्शनीत निघाल्यावर तिसऱ्या महिन्यात म्हाताऱ्यानं हे पिल्लू आणलं, नाव ठेवलं सुभेदार, आणि पुढची आठ वर्षं रोज सकाळी ओसरीत उभं राहून त्याला उठ म्हटलं, बस म्हटलं. म्हातारा गेला तो मोठ्या समाधानानं गेला.

त्यांच्यामागं हा अधिकार वारसाहक्कानं महिपतरावांकडं आला. दफ्तरात त्यांचं कुणी ऐकत नसे. घरी कुसुमताई ऐकून घेत आणि मग स्वतःला वाटेल ते करत. पण 'सुभेदार, थांब' म्हटलं की सुभेदार जिथं असेल तिथं थांबायचा. एक पाय उचललेला असला तर तो उचललेलाच ठेवून.

आता मधल्या काळात सरकारं बदलत होती. ग्वाल्हेर संस्थानाचं अठ्ठेचाळीस साली मध्यभारत झालं. ते नाव लोकांच्या तोंडात बसतंय न बसतंय तोच छप्पन साली मध्यप्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. राजधानी जाते म्हणजे नेमकं काय जातं याची ग्वाल्हेरच्या लष्कर भागात कुणालाच नीट कल्पना नव्हती. मग ट्रक आले, कपाटं जायला लागली, आणि जिथं कपाटं होती तिथं भिंतीवर पांढरे चौकोन दिसायला लागले, तेव्हा कल्पना आली.

महिपतराव रेकॉर्डच्या दफ्तरात कारकून होते. रेकॉर्ड भोपाळला, म्हणून महिपतरावही भोपाळला. तिथली व्यवस्था अशी कळली की तीन कारकुनांत एक खोली, बायकामुलं जागा झाल्यावर, आणि कुत्रीमांजरी आणू नयेत.

कुसुमताई मेथी निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मी सुभेदाराला टाकून कुठं यायची नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला जायचं तर जा." आणि पुढची काडी उचलली.

मुलगी कुमुदिनी लग्न होऊन धारला गेलेली. घरात हे दोघं आणि तो. महिपतरावांनी रात्रंदिवस विचार केला. मग चौकशी केली, तेव्हा कळलं की ज्याच्या घरी वडीलधारं माणूस अंथरुणाला खिळलंय त्याला बदलीतून तीन महिन्यांची सूट मिळते. महिपतरावांकडं वडीलधारं माणूस उरलेलं नव्हतं. त्यांनी एक चुलता केला.

खोटं बोलायलाही सराव लागतो, आणि तो महिपतरावांना नव्हता. अर्जात तपशील मागितला होता आणि त्यांना काही सुचेना. समोर सुभेदार पाय पसरून झोपला होता. मग त्यांनी त्याच्याकडंच बघून लिहिलं: चुलते, संभाजीराव भोईटे, घरी दारी सुभेदार म्हणतात. मागच्या पायांत जोर नाही. इथं 'मागच्या' हा शब्द त्यांनी खोडला. अर्जदाराखेरीज कुणाच्या हातचं खात नाहीत. संध्याकाळी सोबत घेऊन फिरवून आणावं लागतं. अर्ज वाचून कुणाच्याही डोळ्यांत पाणी यावं असा झाला.

ते हेडक्लार्क माधवराव मुळ्ये यांच्या डोळ्यांत आलं. मुळ्येसाहेब भले गृहस्थ होते, आणि अडचण ती हीच. दुसरा एखादा सही करून विसरला असता. मुळ्येसाहेब रोज सकाळी विचारायचे, "काय भोईटे, सुभेदारांची तबियत?"

मग महिपतराव कधी खोकला वाढवत, कधी झोप कमी करत. एकदा चुकून म्हणाले, "आज बरं वाटतंय." मुळ्येसाहेब म्हणाले, "वा. मग सवलतीचं पुन्हा बघू या का?" त्या दिवसापासून सुभेदारांना बरं वाटलं नाही.

मुळ्येसाहेबांचं घर जयेंद्रगंजात, म्हणजे महिपतरावांच्या वाटेवरच. आणि सुभेदार वर्षानुवर्षं महिपतरावांना जयेंद्रगंजच्या चौकापर्यंत पोचवायला यायचा. चौकात महिपतराव म्हणायचे, "सुभेदार, घरी," आणि तो वळायचा. आता चौकात मुळ्येसाहेब उभे असत. ऐंशी वर्षांच्या आजारी चुलत्याला भर रस्त्यात 'घरी' म्हणून हाकललेलं त्यांनी ऐकलं तर काय सांगणार? महिपतरावांनी सुभेदाराला सकाळी ओसरीच्या खांबाला बांधायला सुरुवात केली. संध्याकाळचं फिरणंही बंद केलं.

"बांधता कशाला त्याला?" कुसुमताईंनी विचारलं. त्यांना अर्जातला चुलता माहीत नव्हता. सूट मिळाली एवढंच सांगितलं होतं.

"ट्रक फार झालेत रस्त्यावर," महिपतराव म्हणाले. "सोडू नकोस. बजावून ठेवतोय."

हे कारण त्यांना आयत्या वेळी सुचलं होतं आणि सुचल्याबद्दल त्यांना स्वतःचं जरा कौतुकही वाटलं.

डिसेंबरचा दुसरा आठवडा. चौकात मुळ्येसाहेब भेटले, दोघं रस्त्याच्या कडेनं चालू लागले. मुळ्येसाहेब कुठल्याशा कपाटाबद्दल बोलत होते. त्याची किल्ली भोपाळला गेली होती आणि कपाट इथंच होतं. महिपतरावांनी हुंकार देता देता पलीकडं पाहिलं तर रस्त्याच्या त्या बाजूला सुभेदार. एक कान उभा, एक पडलेला. त्यानंही त्यांना पाहिलं होतं. शेपूट हलवत तो रस्त्यात उतरला.

डावीकडून ट्रक येत होता. ताडपत्रीखाली दफ्तरी कागदांचे बस्ते बांधलेले, स्टेशनकडं चाललेला, घाईत.

दोन शब्दांचं काम होतं. ते तोंडात तयारही होते. पण शेजारी मुळ्येसाहेब विचारत होते, "आज काही खाल्लं का सुभेदारांनी?"

महिपतराव म्हणाले, "हट्."

"आं?"

"काही नाही साहेब. ते कुत्रं."

सुभेदाराला तेरा वर्षांत कुणी हट् म्हटलेलं नव्हतं. तो शब्द आपल्यासाठी आहे हे त्याला कळायचं काही कारणच नव्हतं. तो येत राहिला.

ट्रक पुढं जाऊन थांबला. ड्रायव्हर उतरून मागं आला, वाकून बघितलं आणि उभा राहिला. "किसका था भाईसाब?" त्यानं चारी बाजूंना विचारलं. "किसी का पाला हुआ लगता है."

"पट्टा आहे गळ्यात," मुळ्येसाहेब हळहळले. "असेल कुणाचा तरी. हकनाक गेलं हो बिचारं." मग घड्याळ पाहिलं. "चला भोईटे, दहा वाजतील."

आणि महिपतराव गेले. दफ्तराच्या फाटकापर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेले. तिथं पोटात कळ आली म्हणाले आणि माघारी फिरले. तोवर चौकातल्या फुलवाल्यानं सुभेदाराला ओढून कडेला घेतलं होतं आणि वर ओलं फडकं टाकलं होतं. "आपका था क्या बाबूजी?" तो म्हणाला. "आप तो अभी इधर ही खड़े थे." महिपतरावांनी कोट काढला, सुभेदाराला त्यात गुंडाळलं आणि दाना ओलीत घेऊन आले.

दुपारी त्यांनी स्वर्णरेखा नदीच्या काठी खड्डा खणला. कुसुमताई पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या.

"मी पुढं निघून गेलो होतो," महिपतराव खड्ड्यात बघत म्हणाले. "मला दिसलाच नाही. कुणी सांगितलं तेव्हा मागं आलो."

"मीच सोडला," कुसुमताई म्हणाल्या. "तुम्ही बजावून गेला होतात. रडत होता हो. म्हटलं गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाईल, तुम्हाला बघेल अन् येईल. मीच गाठ सोडली."

"असू दे," महिपतराव म्हणाले.

असू दे म्हणणं हे माफ केल्यासारखं ऐकू येतं, हे त्यांना म्हणून झाल्यावर समजलं. कुसुमताईंनी मान हलवली. त्यांना माफी मिळाली होती.

पुढचे आठ दिवस फार वाईट गेले. कुसुमताईंनी सुभेदाराची जर्मनची थाळी राखेनं घासून फडताळात पालथी घातली आणि त्या फडताळाला पाठ करून स्वयंपाक करायला लागल्या. दिवसातून चारदा कुठूनही तेच निघायचं. भाजी निवडताना, "गाठ सैलच होती, मी आणखी घट्ट करायची तर सोडत बसले." अंथरूण घालताना, "तुम्ही नीट सांगितलं होतं, माझ्याच डोक्यात शिरलं नाही." शेजारच्या सुलोचनाबाई समजूत घालायला आल्या तर त्यांनाही, "ह्यांनी बजावलं होतं हो." सुलोचनाबाईंनी महिपतरावांकडं मोठ्या आदरानं पाहिलं. सावध नवरा कुणाला मिळतो.

प्रत्येक वेळी महिपतराव तोंड उघडायचे, आणि तोंड उघडलंच आहे तर म्हणून पाणी प्यायचे. त्या आठ दिवसांत ते फार पाणी प्यायले.

कुसुमताईंनी कुमुदिनीला कार्ड लिहिलं. "सुभेदार गेला. माझ्या हातून गेला. हे काही बोलत नाहीत, पण ह्यांनी दाढीसुद्धा केलेली नाही." ते टाकायला महिपतरावांकडं दिलं. वाटेत पोस्टाच्या दोन पेट्या लागत. महिपतराव दोन्हींपुढून कोटाच्या खिशावर हात ठेवून जात आणि कार्ड संध्याकाळी घरी परत येई.

आणि दफ्तरात निराळाच घोळ होता. चुलता मेला म्हणावं तर सूट जाणार, शिवाय लोक भेटायला घरी येणार. जिवंत म्हणावं तर रोज म्हणावं लागणार. महिपतरावांना काही ठरवता येईना, आणि काही ठरेपर्यंत जे चालू असेल ते चालू ठेवायचं ही दफ्तराची रीतच होती.

"सुभेदारांची तबियत?"

"तशीच आहे साहेब."

"खातात ना?"

"तुमच्या आशीर्वादानं."

घरातून कायमचा गेलेला सुभेदार दफ्तरात खोकत होता, कूस बदलत होता, महिपतरावांच्या हातानं पेज घेत होता. खिडकीखालून ट्रक जात तेव्हा महिपतराव टाकाकडं बघत बसत.

रविवारी सकाळी मुळ्येसाहेब स्वतःच आले. हातात संत्र्यांची पिशवी. "म्हटलं, एकदा आपणच भेटून यावं," ते ओसरीत जोडे काढत म्हणाले. "रोज नुसतं विचारायचं, बरं दिसत नाही. कुठं आहेत सुभेदार? झोपलेत का?"

महिपतराव उभे राहिले. त्यांना उत्तर द्यायचं होतं, पण कुसुमताई आतून हात पुसत आल्या होत्या.

"बसा ना भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले. "दफ्तरातून कुणी येईल असं वाटलं नव्हतं. सुभेदार गेला. आज नऊ दिवस झाले."

मुळ्येसाहेब बसता बसता थांबले. "गेले? आणि भोईटे, तुम्ही दफ्तरात येताय? सुतक नाही धरलंत?"

"कुत्र्याचं कसलं सुतक," कुसुमताई म्हणाल्या. "पण माणसासारखाच होता. मामंजींनी आणलेला."

मुळ्येसाहेब बसले. त्यांनी ओसरीच्या खांबाकडं पाहिलं. खांबाला दोरी तशीच होती. तेवीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे अर्ज वाचण्यात घालवली होती, त्यांना दोन ओळींच्या मधलं वाचायला वेळ लागत नसे. पुढं केलेली संत्र्यांची पिशवी त्यांनी हळूच आपल्या मांडीवर घेतली.

"कसा गेला?" त्यांनी विचारलं. विचारताना त्यांचा आवाज उतरला होता, कारण उत्तर त्यांना चौकात मिळालेलं होतं.

"ट्रकखाली. तुमच्या चौकात. मीच सोडला त्याला," कुसुमताई म्हणाल्या. "ह्यांनी नुसती हाक मारली असती तरी थांबला असता. ह्यांच्या शब्दाबाहेर नव्हता तो. पण हे पुढं निघून गेलेले. ह्यांना दिसलाच नाही."

मुळ्येसाहेबांनी महिपतरावांकडं पाहिलं. महिपतराव चौकटीला टेकून उभे होते, नऊ दिवसांची दाढी, खाली मान. मुळ्येसाहेब भले गृहस्थ होते हे आधी सांगितलंच आहे.

"बरोबर आहे वहिनी," ते म्हणाले. "मी बरोबरच होतो यांच्या. आम्हाला दोघांनाही दिसला नाही."

म्हणजे ते खोटंही वरून मंजूर झालं.

"तेच म्हणते मी," कुसुमताई म्हणाल्या. "माझ्याच हातून गेला."

महिपतरावांनी तोंड उघडलं. पाण्याचा तांब्या जवळ नव्हता.

"दिसला होता," ते म्हणाले.

"जाऊ द्या भोईटे," मुळ्येसाहेब घाईनं म्हणाले.

"दिसला होता. ट्रकही दिसला होता. साहेब शेजारी होते. सूट मिळावी म्हणून मी अर्जात चुलता आजारी म्हणून लिहिलं होतं, त्याला सुभेदाराचं नाव दिलं होतं. हाक मारली असती तर साहेबांना कळलं असतं."

कुसुमताईंना हे एकदम समजलं नाही. महिपतरावांनी कोटाच्या खिशातून कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. कार्डाचे कोपरे मऊ पडले होते. त्यांनी आपलंच अक्षर पाहिलं आणि मग मात्र त्यांना सगळं समजलं.

"मग तुम्ही काय केलंत?"

"हट् म्हणालो."

"सुभेदाराला?"

"हो."

कुसुमताईंनी कार्डाची घडी घातली.

"ट्रकचं एक असो," त्या म्हणाल्या. "एका क्षणात माणसाला सुचत नाही. पण नऊ दिवस, अहो. नऊ दिवस मी म्हणतेय आणि तुम्ही मला म्हणू देताय. वर असू दे म्हणालात."

त्या आत गेल्या. थोड्या वेळानं चहा आला. एकच कप आला आणि तो मुळ्येसाहेबांपुढं ठेवला गेला. मुळ्येसाहेब तो असा प्यायले, जसा काही त्यांनी तो चोरला होता.

"उद्या दोन ओळी लिहून द्या," जोडे घालताना ते हळू आवाजात म्हणाले. "कारण उरलं नाही, भोपाळला रुजू व्हायला तयार. बस."

"आणि चुलत्यांचं?"

"वारले म्हणा. आणखी काय करणार आहात त्यांचं?" मग एक पायरी उतरून थांबले. "रोज विचारत होतो हो मी. तबियत, तबियत. न विचारता चाललं नसतं का?"

पिशवी त्यांनी जाताना ओसरीत विसरली, किंवा ठेवली. संध्याकाळपर्यंत तिला कुणी हात लावला नाही.

दिवेलागणीला महिपतरावांनी अर्ज लिहायला घेतला. दोन ओळी लिहिल्या. मग तिसरी लिहिली: 'सदर निधन अर्जदाराच्या हलगर्जीपणामुळे झाले.' कागद तिपाईवर ठेवून ते हात धुवायला गेले. परत आले तर कुसुमताई कागद दिव्याशी धरून वाचत होत्या. 

"हलगर्जीपणा खोडा," त्या म्हणाल्या.

महिपतरावांना क्षणभर फार बरं वाटलं.

"हलगर्जीपणा म्हणजे लक्ष नसणं," त्या म्हणाल्या. "तुमचं लक्ष होतं."

महिपतराव बसले. त्यांनी ती ओळ खोडली आणि नवा कागद घेतला. 'सदर निधन अर्जदाराच्या डोळ्यांदेखत झाले. अर्जदाराने हाक मारली नाही.' कुसुमताईंनी ते वाचलं, शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून ठेवला आणि मग त्यांच्याकडं दिला. "कुमुदिनीला तुम्ही लिहा," त्या म्हणाल्या. "हेच लिहा."

सोमवारी मुळ्येसाहेबांनी अर्ज वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. भोवतालची टेबलं निम्मी रिकामी झाली होती, ऐकणारं कुणी नव्हतं.

"भोईटे, ही शेवटची ओळ काढा. अर्जात कारण लिहितात. हे असलं नाही लिहीत."

"काढता येणार नाही साहेब."

"का?"

"घरून मंजूर होऊन आलीय."

मुळ्येसाहेबांनी कागद पुढ्यात ओढला. मग कोपऱ्यात सही केली, तारीख घातली आणि भोपाळला जायच्या बस्त्यात तो अर्ज बरोबर मधोमध घातला, जिथला कागद कुणी सहसा काढत नाही. बस्त्याची दोरी आवळता आवळता त्यांनी विचारलं, "वहिनी येताहेत ना भोपाळला?"

"विचारलंय," महिपतराव म्हणाले. "उत्तर यायचंय."